उगमाकडचे वन : पिझ्गा राष्ट्रीय वनाचा भूगोल व इतिहास

पावसाळ्याच्या आरंभी पहिला पूर आला की नदीचे पाणी तांबडे दिसते. तो रंग कोणत्या तरी शेताच्या, कोणत्या तरी डोंगरउताराच्या मातीचा असतो, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. परंतु ती माती जेथून सुटली तो डोंगर पुष्कळदा आपल्या शिवेबाहेर, कित्येकदा आपल्या जिल्ह्याबाहेर असतो. तेथील रान मोडले तर खालच्या गावाने दाद कोणाकडे मागावी? आणि ते रान राखावयाचे तर त्याचा खर्च कोणी सोसावा? हा प्रश्न आपल्याकडे आहे, तसाच तो सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पूर्व भागातील लोकांपुढेही उभा होता. त्यांनी त्याचे जे उत्तर शोधले त्यातून पिझ्गा राष्ट्रीय वन निर्माण झाले. या वनाची हकीकत आपल्या कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम एक खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिकेत 'राष्ट्रीय उद्यान' आणि 'राष्ट्रीय वन' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय उद्यानात सृष्टी जशी आहे तशी राखावयाची असते. राष्ट्रीय वनात मात्र नियम पाळून लाकूड तोडता येते, परवाना घेऊन गुरे चारता येतात, शिकारही करता येते. या वनांचा कारभार १९०५ सालापासून तेथील शेतकी खात्याकडे आहे. वन हे एक पीक आहे, फक्त ते एका हंगामात न येता दोन-तीन पिढ्यांनी हाती येते, अशी त्यामागील दृष्टी आहे.

स्थान व रचना

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला साधारणपणे समांतर अशी ॲपलाचियन नावाची जुनी पर्वतरांग गेलेली आहे. तिच्या दक्षिण भागात, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेस, ॲशव्हिल शहराच्या आसपास पिझ्गा वन पसरलेले आहे. त्याचे क्षेत्र पाच लाख एकरांहून थोडे अधिक आहे. ते सलग नाही. मध्ये खाजगी शेते, वाड्या व लहान गावे आहेत. हे वन मोकळ्या सरकारी जमिनीवर वसलेले नसून तुकड्या-तुकड्यांनी विकत घेतलेले आहे, हे नकाशा पाहताच ध्यानात येते.

मौंट पिझ्गा या ५,७२१ फूट उंचीच्या शिखरावरून वनाला हे नाव मिळाले. ज्या डोंगरावरून मोझेसने ईश्वराने देऊ केलेली भूमी दुरून पाहिली, त्या बायबलातील डोंगराचे हे नाव होय. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्वांत उंच शिखर म्हणजे ६,६८४ फुटांचे मौंट मिचेल. ते स्वतः राज्याच्या उद्यानात असले तरी त्याच्या भोवतीचे डोंगर बहुतांशी या वनात येतात. खालच्या दऱ्यांतून ओक, हिकरी, मेपल, ट्यूलिप अशी रुंद पानांची, हिवाळ्यात पाने गाळणारी झाडे आहेत. साडेपाच हजार फुटांच्या वर स्प्रूस व फर ही सुईसारख्या पानांची झाडे दिसू लागतात.

पाऊस व नद्या

महाबळेश्वरचा पाऊस आणि फलटणचा पाऊस यांतील अंतर ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रदेशाचे हवामान समजण्यास अडचण पडणार नाही. दक्षिणेकडून येणारे ओले वारे डोंगरांच्या दक्षिण कडांवर आदळतात. त्यामुळे तेथे राज्यातील सर्वांत जास्त पाऊस पडतो व दऱ्यादऱ्यांतून धबधबे वाहतात. ॲशव्हिलचे खोरे मात्र डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे राज्यातील सर्वांत कमी पावसाच्या भागांत मोडते. त्या खोऱ्यातील शेतीला व शहराला डोंगरावरच्या पाण्याचाच मोठा आधार आहे.

या डोंगरांच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते. पश्चिम उतारावरची फ्रेंच ब्रॉड नदी ॲशव्हिलवरून टेनेसी राज्यात जाते, आणि तिचे पाणी टेनेसी, ओहायो व मिसिसिपी या नद्यांतून मेक्सिकोच्या आखातास मिळते. पूर्व उतारावरच्या कटॉबा व याडकिन या नद्यांचे पाणी अटलांटिक महासागराकडे जाते. एका डोंगरावर पडलेली कुऱ्हाड दोन समुद्रांकडे जाणाऱ्या खोऱ्यांना भोवते, ती या रचनेमुळे.

रान कसे मोडले

हा मूळचा चेरोकी लोकांचा मुलूख. १८३८ साली सरकारने त्यांच्यापैकी बहुसंख्य लोकांना बळाने पश्चिमेकडे हाकलले. त्या वाटेवर हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या आधीपासून व नंतरही गोरे वसाहतवाले दऱ्यांतून येऊन राहिले होते. नदीकाठची सपाट जमीन थोडी, म्हणून ते उतारावर चढले. झाडे तोडून मका पेरावा, जमीन धुपून गेली की ती टाकून शेजारचा उतार साफ करावा, असा क्रम चालू झाला. गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून रानाला आग लावण्याचीही चाल होती. डुकरे व गुरे रानात मोकळी सुटत आणि नवी रोपे खाऊन टाकीत.

१८८० साली ॲशव्हिलपर्यंत आगगाडी आली, आणि जे काम शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीने सावकाश चालले होते ते लाकूड कंपन्यांनी झपाट्याने आरंभिले. उत्तम झाडे तोडून न्यावयाची, फांद्या व शेंडे तेथेच टाकावयाचे, आणि डोंगर उघडा करून पुढे जावयाचे, ही त्यांची रीत होती. १९०१ च्या मे महिन्यात या डोंगरांतून मोठे पूर आले. त्यानंतर शेतकी खात्याने तयार केलेला या वनांचा अहवाल अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काँग्रेससमोर ठेवला. जंगलतोड, धूप व पूर यांचा संबंध त्यात दाखविलेला होता.

बिल्टमोर येथील प्रयोग

या सुमारास एका खाजगी जहागिरीत निराळा उद्योग चालू होता. जॉर्ज व्हँडरबिल्ट हे धनाढ्य गृहस्थ १८८८ साली ॲशव्हिल येथे आले व त्यांनी बिल्टमोर नावाची जहागीर उभी केली. वाढत वाढत तिचे क्षेत्र सव्वा लाख एकरांच्या घरात गेले. जवळची जमीन बहुतेक झिजलेल्या शेतांची होती. उद्यानशास्त्रज्ञ ऑल्मस्टेड यांनी त्यांना सल्ला दिला की नदीकाठी शेती करावी व बाकी जमिनीवर वन वाढवावे. त्या कामासाठी १८९२ साली गिफर्ड पिंशो या तरुणाची नेमणूक झाली.

येथे आपल्या देशाशी एक खरा संबंध येतो. अमेरिकेत त्या वेळी वनशास्त्र शिकविणारी शाळा नव्हती, म्हणून पिंशो १८८९ साली युरोपात गेले व बॉन येथे डीट्रिख ब्रँडिस यांना भेटले. ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक होत. १८५६ पासून ब्रह्मदेशातील सागवानी रानांत व १८६४ पासून १८८३ पर्यंत सर्व हिंदुस्थानच्या वनखात्यात त्यांनी काम केले होते. त्यांच्या सल्ल्याने पिंशो यांनी आपले शिक्षण केले. पिंशो यांच्यानंतर १८९५ साली बिल्टमोरला आलेले जर्मन वनाधिकारी कार्ल शेंक हेही ब्रँडिस यांच्या शिफारशीनेच आले.

शेंक यांनी १८९८ साली तेथे वनविद्येची शाळा काढली. ती अमेरिकेतील पहिली होय. १९१३ पर्यंत तीनशेहून अधिक तरुण तिच्यातून शिकून बाहेर पडले. सकाळी पाठ व दुपारी घोड्यावरून रानात काम, असा तिचा क्रम होता. जहागिरीतील काम मात्र चुकांवाचून झाले नाही. एका ओढ्यावर लाकडी बंधारे घालून, ते एकदम फोडून ओंडके वाहून नेण्याचा उपाय केला. त्यात ओढ्याचे काठ खरवडून निघाले आणि व्यवहारातही तोटा आला. झिजलेल्या शेतांवर ओक व हिकरी यांचे बी पेरले. ते बरेचसे खारी-उंदरांनी खाल्ले, आणि उरलेले त्या निकस जमिनीत तग धरीना. अखेर पांढऱ्या पाईनची रोपे लावली, ती जगली. ज्या जमिनीची वरची माती गेली आहे, तिच्यावर मूळचे उत्तम झाड एकदम येत नाही. अगोदर काटक झाडाने जमीन झाकावी लागते, हा धडा तेथे शेतातच मिळाला.

डोंगरी लोकांशीही प्रथम तेढच पडली. पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या असलेल्या रानात एकाएकी मनाई आली, तेव्हा वणवे व चोरटी तोड थांबेना. शेंक यांनी याच लोकांपैकी काहींना पगारी रखवालदार नेमले व रानात घरे दिली. ज्याला रानाच्या वाटा ठाऊक, तोच राखणदार, हे त्यांनी ओळखले.

१९११ चा कायदा

खाजगी जहागिरीचा भरवसा एका माणसाच्या सांपत्तिक स्थितीपुरताच असतो. १९०९ साली शेंक यांना काम सोडावे लागले. १९१२ साली व्हँडरबिल्ट यांनी सुमारे ६९,००० एकरांतील लाकूडतोडीचा हक्क विकला. सतरा-अठरा वर्षांचे काम पुन्हा कुऱ्हाडीखाली जाण्याची वेळ आली.

सुदैवाने त्यापूर्वीच १ मार्च १९११ रोजी 'वीक्स कायदा' संमत झाला होता. त्या आधीची राष्ट्रीय वने बहुतेक पश्चिमेकडे होती, कारण तेथे जमीन सरकारचीच होती. पूर्वेकडे ती खाजगी मालकीची होती, आणि डोंगरासाठी साऱ्या देशाचा पैसा का खर्चावा, असा आक्षेप होता. कायद्याने त्याला नदीच्या आधारे उत्तर दिले. ज्या नद्यांतून नौका चालतात त्या साऱ्या देशाच्या आहेत. त्यांचा प्रवाह उगमाकडील वनावर अवलंबून आहे. म्हणून ते वन विकत घेणे हे देशाचे कर्तव्य ठरते. जमीन राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घ्यावयाची होती.

या कायद्याखाली विकत घेतलेला पहिला तुकडा ओल्ड फोर्ट गावाजवळील कर्टिस क्रीक या ओढ्याच्या पाणलोटातला होता. क्षेत्र ८,१०० एकर, भाव एकरी सात डॉलरांच्या आसपास. १९१४ साली व्हँडरबिल्ट निवर्तले, आणि त्यांच्या पत्नी एडिथ यांनी सुमारे ८६,७०० एकर वन एकरी पाच डॉलर या हलक्या दराने सरकारला दिले. या जमिनी एकत्र करून ऑक्टोबर १९१६ मध्ये पिझ्गा राष्ट्रीय वन जाहीर झाले.

त्याच वर्षी जुलैत दोन वादळे लागोपाठ येऊन या डोंगरांवर कोसळली होती. आल्टापास येथे २४ तासांत २२ इंचांहून अधिक पाऊस पडला. ॲशव्हिलचा नदीकाठ बुडाला आणि सुमारे ८० माणसे दगावली. वन जाहीर झाले ते असे फाटलेल्या डोंगरांवर.

वन पुन्हा उभे राहिले

सरकारी फलक लागला म्हणून वन वाढत नाही. पहिली कित्येक वर्षे वणव्याशी झगडण्यात गेली. १९२५ च्या नोव्हेंबरात, तोड झालेल्या डोंगरांवर पडून राहिलेल्या वाळक्या फांद्यांना आग लागली व सुमारे २५,००० एकर रान जळाले. पालापाचोळा कुजून शतकानुशतके साठलेला मातीचा वरचा थरही त्यात जळला. तेथील उंच माथ्यांवर आजही बऱ्याच ठिकाणी गवत व झुडपेच दिसतात. आग काही दिवसांची, पण शंभर वर्षांनंतरही जमीन पूर्ववत झालेली नाही, ही गोष्ट वणवा लावणाऱ्या प्रत्येक हाताने लक्षात ठेवावी.

१९३३ ते १९४२ या मंदीच्या व युद्धारंभीच्या काळात बेकार तरुणांच्या तुकड्यांनी येथे रोपे लावली, वाटा बांधल्या, पहाऱ्याचे मनोरे उभारले. याच वेळी दुसरे संकट आले. या रानात सुमारे चौथा हिस्सा झाडे चेस्टनटची होती. त्याची फळे माणसे खात, डुकरे त्यावर पोसली जात, लाकूड कुंपणाला व घराला चाले. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम दिसलेला बाहेरदेशीचा बुरशीचा रोग दक्षिणेकडे सरकत आला व १९४० पर्यंत ही झाडे जवळजवळ सर्व मेली. तरी वन संपले नाही, कारण ते एकाच जातीचे नव्हते. मोकळी जागा ओक, मेपल व ट्यूलिप यांनी भरून काढली. मिश्र पिकाचे जे महत्त्व शेतात आहे, तेच रानातही आहे.

वनाचा लाभ आसपासच्या लोकांना मिळावा म्हणून १९०८ च्या कायद्यानेच तरतूद झाली होती. राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा तेथील शाळा व रस्ते यांसाठी द्यावयाचा होता. पुढे लाकडाचे उत्पन्न घटले, तेव्हा २००० साली त्याऐवजी घेता येईल अशा निराळ्या मदतीची सोय करण्यात आली.

वन आणि पाणी : मोजून पाहिलेल्या गोष्टी

झाडांमुळे पाणी वाढते, असे आपण सरसकट म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. पिझ्गाच्या शेजारच्या नांटाहाला राष्ट्रीय वनात कोवीटा येथे १९३४ पासून संशोधनकेंद्र आहे. तेथे लहान लहान ओढ्यांची पाणलोट क्षेत्रे निवडून, प्रत्येकाच्या तोंडाशी पाणी मोजण्याची भिंत बांधून, अनेक दशके नोंदी ठेविल्या आहेत.

एका क्षेत्रातील सर्व झाडे तोडली, पण लाकूड ओढून नेले नाही व जमीन उकरली नाही. पहिल्या वर्षी ओढ्याला १४ इंच पावसाइतके पाणी अधिक आले, आणि ते स्वच्छ राहिले. दुसऱ्या क्षेत्रात झाडे तोडून तेथील रूढ पद्धतीने उतारावर मका पेरला व गुरे चारली. थोड्याच वर्षांत जमीन घट्ट झाली, पाणी मुरेना, पूर चढू लागले व ओढा गढूळ झाला. तिसऱ्या ठिकाणी पानझडी रान काढून पांढरा पाईन लावला. पंधरा-सोळा वर्षांनी ओढ्याचे पाणी सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाले, कारण पाईन बाराही महिने हिरवा राहून पाणी पितो व पावसाचे बरेच पाणी पानांवरच अडवितो.

या तीन नोंदींचा अर्थ नीट समजला पाहिजे. झाड पाणी पिते, ते पाणी निर्माण करीत नाही. रानाचे खरे काम म्हणजे जमीन सच्छिद्र ठेवणे, पाऊस मुरविणे आणि माती जागच्या जागी धरणे. माती वाहते ती मुख्यतः नांगरलेल्या उघड्या उतारावरून, गुरांच्या खुरांनी दाबलेल्या जमिनीवरून आणि ओंडके ओढण्याच्या वाटांवरून. यावरून कोणते झाड कोठे लावावे, याचाही विचार करावा लागतो.

वनाची मर्यादाही ओळखावी. २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात 'हेलीन' वादळाने याच डोंगरांत काही ठिकाणी तीन दिवसांत ३० इंचांहून अधिक पाऊस पाडला. डोंगरांवर रान होते, तरीही ॲशव्हिलला नदीने १९१६ ची खूण ओलांडली. दरडी कोसळल्या, वनातील असंख्य झाडे उन्मळली, आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यात शंभरहून अधिक माणसे मृत्यू पावली. जमीन पूर्ण भिजल्यावर पडणारा असा पाऊस कोणतेही रान अडवू शकत नाही. नेहमीच्या पावसात रान जमीन राखते, पण नदीकाठच्या पूररेषेत घरे बांधण्याचा परवाना मात्र ते देत नाही.

आपल्यासाठी बोध

अमेरिकेची परिस्थिती आपल्याकडे नाही. तेथे माणसे थोडी व जमीन पुष्कळ होती; विकणाऱ्याला दुसरीकडे जाता आले. आपल्या डोंगरांत वस्ती दाट आहे, आणि रानावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारी माणसे आहेत. तेव्हा उगमाकडचे रान विकत घेऊन राखणे हा आपला मार्ग नव्हे. तो मार्ग रानातल्या माणसांना बरोबर घेऊनच काढला पाहिजे. स्वतः ब्रँडिस हे ग्रामवनांचे पुरस्कर्ते होते. १८७८ च्या वनकायद्यात ग्रामवनाची तरतूद झाली, पण ती फारशी वापरली गेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही वाट पुन्हा मोकळी झाली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्याच राज्यातील हे उदाहरण कार्यकर्त्यांनी अवश्य अभ्यासावे.

पिझ्गाच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकरी पाच-सात डॉलर देऊन जमीन मिळाली, पण माती मिळाली नाही. ती शंभर वर्षे जपून पुन्हा तयार करावी लागली, आणि काही माथ्यांवर ती अजून तयार झालेली नाही. मोडलेले रान पुन्हा उभे करण्यापेक्षा उभे रान राखणे फार स्वस्त आहे. तो राखणीचा भार केवळ डोंगरावरच्या गावावर टाकून भागणार नाही. ज्याच्या विहिरीला व शेताला ते पाणी पोचते, त्या खालच्या गावानेही त्यात आपला वाटा उचलला पाहिजे.

गावच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी :

१. आपल्या ओढ्याचे वा नदीचे पाणी कोणत्या डोंगरावरून येते? ती जमीन कोणाच्या ताब्यात आहे?

२. पहिल्या पुरात येणारी माती नांगरलेल्या उतारावरून येते, चराईच्या माळावरून येते, की नव्या रस्त्याच्या कडेने? प्रत्यक्ष फिरून पाहावे.

३. गेल्या पाच वर्षांत शिवारात वणवा किती वेळा लागला? जाळरेषा वेळेवर काढली होती काय?

४. गावाच्या रोपवाटिकेत एकाच जातीची रोपे आहेत की मिश्र? उघड्या मुरमाड माळावर प्रथम कोणती काटक स्थानिक झाडे धरतील?

५. वरच्या गावाने चराई व तोड आवरली, तर खालची गावे त्याला कोणत्या रूपाने हातभार लावू शकतील?